मांत्रिक कॅरेक्टर बाकीच्या सगळ्यांचं काम एकटाच करतोय, कॅरेक्टर बनवतानाच काय नियम लावावा?

शहापूरचा_फासेवाला

नमस्कार मंडळी. पोस्ट जरा लांब आहे, पण पूर्ण वाचून मगच सांगा, कारण आमचा ग्रुप मोडायच्या बेताला आलाय.

आम्ही बेळगावात शहापूरला रविवारी संध्याकाळी टेबलटॉप रोलप्लेइंग खेळूलालोय, म्हणजे टेबलाभोवती बसून प्रत्येकाने एक कॅरेक्टर घ्यायचं आणि गोष्ट खेळायची. गेम घरगुती आहे, नियम मीच मराठीत लिहिलेत, कारण ग्रुपमधल्या काही जणांना तीनशे पानांचं इंग्लिश पुस्तक हातात दिलं असतं तर ती पोरं परत आलीच नसती. फासे तीन, साधे सहा बाजूंचे, खडेबाजारात लुडोबरोबर मिळतात तेच. तिन्ही एकदम टाकायचे, बेरीज आपल्या आकड्याएवढी किंवा त्याच्या खाली आली की काम झालं. गोष्ट घडते खानापूरच्या पलीकडच्या जंगलात, जांबोटी, कणकुंबी, भीमगड हा सगळा पट्टा, काळ जुना, तलवारी पण खऱ्या आणि भुतंखेतं पण खरी.

कॅरेक्टर बनवायला प्रत्येकाला ७० पॉइंट. गुण चार: बळ, चपळाई, बुद्धी, धीर, सगळे ९ पासून सुरू आणि एकेक वाढवायला ५ पॉइंट. कौशल्य घ्यायचं तर २ पॉइंट दिले की त्या गुणाएवढं मिळतं, पुढे दर वाढीला ३. मांत्रिक व्हायचं असेल तर आधी १० पॉइंट भरायचे, मग मंत्र २ पॉइंटला एक, सगळे बुद्धीवर चालतात, मंत्र टाकला की एक दम जातो, दम असतो धीराएवढा आणि रात्री झोपलं की सगळा परत.

आता आमच्यातला मांत्रिक असाय: बुद्धी १४, धीर १२, मंत्र दहा. हिशेब बरोब्बर ७०. तीन फाशांवर १४ म्हणजे दहातल्या नऊ वेळा काम होणारच.

मागच्या खेळात जंगलातला एक पडका वाडा होता, दाराला जुनं पितळी कुलूप. चोर घेतलेला पोरगा त्या कुलपासाठीच टपून बसलेला, फासे मुठीत घेऊन हलवायला पण लागला होता, तेवढ्यात मांत्रिकवाला म्हणाला "उघडमंत्र", टाकले फासे, आले ११, दार उघडलं. आत दोन पहारेकरी, आमचा मल्ल शड्डू ठोकून पुढं सरकला तर याने निद्रामंत्र टाकला, दोघं जागच्या जागी झोपले. मग भिंतीपलीकडचं बघायचा मंत्र. चोरवाल्याने फासे स्टीलच्या डबीत टाकले, डबीचं झाकण दाबून लावलं आणि मोबाईल काढून बसला. मांत्रिकवाल्याला मी दोष देत नाही, नियमाने जे दिलंय तेच तो वापरतोय, आणि सगळ्यांत मन लावून खेळणारा पण तोच आहे.

तर मांत्रिक व्हायची किंमत १० वरून २५-३० करू काय? का मंत्रांची संख्या बांधून टाकू? मला नियम कॅरेक्टर बनवतानाच पाहिजे, खेळ चालू असताना मधेच "हे नको, ते नको" म्हणायला लागलो की सगळ्यांचा मूड जातो.


चिकोडी_२०

मांत्रिक काढूनच टाक. भुताचे मंत्र फक्त जीएमच्या, म्हणजे खेळ चालवणाऱ्याच्या, कॅरेक्टरकडे ठेव, प्लेयरला तलवार, धनुष्य, घोडा दे. आम्ही तसंच खेळतो, वाद नाही.


पुण्यातला_बेळगावकर

चिकोडीवाल्यांचा उपाय चालतो पण मग अर्धा गेमच गेला की ओ, भुतंखेतं असलेल्या जंगलात मांत्रिक नाही म्हणजे काय मजा.

फासेवाले, प्रवेश फी वाढवून फार काही होणार नाही, का ते आकड्यातच बघा. तुमच्या मल्लाने ५ पॉइंट घालून बळ एकने वाढवलं तर काय सुधारतं? कुस्ती, लाठी, फार तर ओझं उचलणं. मांत्रिकाने तेच ५ पॉइंट बुद्धीत घातले की दहाच्या दहा मंत्र एकदम वर. तीच वाढ कौशल्याच्या भावाने, म्हणजे एकेक मंत्राला ३ धरून घेतली असती तर ३० पॉइंट लागले असते. म्हणजे २५ पॉइंटचा फायदा एका घासात, आणि बुद्धी पाचने वाढवलीय त्याने. तुम्ही फी ३० केली तर तो पाच मंत्र कमी घेईल, धीराला दोनने कात्री लावेल, पण उरलेले पाच मंत्र दहातल्या नऊ वेळा चालतीलच, आणि त्यात पहिले तीन कुठले असणार? उघड, निद्रा आणि भिंतीपलीकडचं बघणं. चोरवाला परत डबी बंद करणार.

गर्प्स नावाचा गेम आहे, १९८६ चा, तुमच्यासारखाच तीन फाशांचा आणि आकड्याच्या खाली यायचा. त्यात जादूची देणगी वेगळी विकत घ्यायची, चौथ्या आवृत्तीत पहिली पायरी ५ पॉइंट आणि पुढची प्रत्येक १०, आणि त्यावर प्रत्येक मंत्र हे स्वतंत्र अवघड कौशल्य, त्यात पॉइंट घालूनच ते वर जातं. शिवाय मोठा मंत्र सरळ मिळत नाही, आगीचा गोळा फेकायचा तर आधी आग पेटवणं, मग आग निर्माण करणं, आगीला आकार देणं हे सगळं शिकलेलं पाहिजे. म्हणजे ज्याला आगीचा गोळा पाहिजे तो आगवालाच बनतो, त्याच्याकडे कुलूप उघडायला पॉइंट उरत नाहीत. ही साखळी मला सगळ्यात आवडलेली गोष्ट, कारण मांत्रिकाला आपोआप एक घराणं मिळतं, हा आगीचा, ती पाण्याची, तो भुतांचा.

तुमच्या आकड्यात बसवून सांगतो. मंत्र २ पॉइंटला मिळू दे, पण बुद्धीएवढा मिळायच्या ऐवजी बुद्धी उणे ४ ला मिळू दे. बुद्धी १४ असली तरी मंत्र १० वर, म्हणजे निम्म्या वेळा फसणार. १२ वर न्यायचा तर आणखी ६ पॉइंट, एकूण ८, मग चारात तीन वेळा चालतो. आज तो २० पॉइंटात दहा मंत्र १४ वर घेतोय, त्याच २० मध्ये त्याला दोन मंत्र १२ वर आणि दोन १० वर मिळतील. आणि फसला तरी दम गेलाच पाहिजे.


निपाणीची_राही

वर जो हिशेब दिलाय तो लई बरोबर आहे, पण मी दुसऱ्या टोकाकडनं सांगते, कारण आमच्या टेबलावर हाच प्रॉब्लेम डन्जन्स अँड ड्रॅगन्समध्ये येतो आणि तिथं कॅरेक्टरचे आकडे कंपनीने बसवलेले असूनही येतो.

जुन्या काळी या गेमने जादूगाराला सुरुवातीलाच पार लंगडा करून ठेवला होता. गेम १९७४ चा, गायगॅक्स आणि आर्नेसन यांचा. पुढं १९७८ च्या प्लेयर्स हँडबुकात बघा, जादूगाराचा जीव चार बाजूंच्या फाशावर, लढवय्याचा दहा बाजूंच्या. चिलखत नाही. पहिल्या लेव्हलला दिवसाला एक मंत्र, तो म्हणताना कुणी फटका मारला तर मंत्र वाया. आणि लेव्हल वाढायला पण वेगवेगळा भाव, चोराला साधारण अनुभवाचे १२५० गुण, लढवय्याला २०००, जादूगाराला २५००. म्हणजे आधी सोस, मग पुढं राज्य कर, असा तो सौदा. कागदावर छान वाटतंय, पण टेबलावर काय होतं तर सुरुवातीला जादूगारवाला नुसता बसून असतो आणि नंतर लढवय्यावाला नुसता बसून असतो, दोघं एका वेळी खूश कधीच नाहीत. आणि आपल्याकडं किती ग्रुप वर्षभर टिकतात सांगा, कॉलेज संपलं की एक बेंगळूरला, एक पुण्याला. २००० साली तिसरी आवृत्ती आली तेव्हा सगळ्यांना लेव्हलचा एकच भाव केला, मंत्र म्हणताना सांभाळून म्हणायची सोय दिली, बंधनं सुटली आणि मंत्रांची ताकद मात्र तशीच राहिली. लढवय्या सरळ रेषेत वाढतो आणि जादूगार वर्गाच्या पटीत, असं लोक म्हणतात ते यावरनंच.

२००८ च्या चौथ्या आवृत्तीत त्यांनी सगळ्यांनाच एका साच्यात घातलं, लढवय्यालाही कायम वापरायचे, लढाईत एकदा वापरायचे, दिवसात एकदा वापरायचे असे डाव दिले. बॅलन्स झाला पण बऱ्याच लोकांना जादूगार आणि लढवय्या सारखेच वाटायला लागले.

आता पाचवीचं, २०१४ चं. पाचव्या लेव्हलचा जादूगार घ्या, त्याच्याकडं तिसऱ्या पायरीचे दोन स्लॉट, म्हणजे तसे मंत्र दिवसाला दोनदा टाकता येतात, एक तास विश्रांती घेऊन दिवसातनं एकदा अजून एक परत, म्हणजे आगीचे गोळे तीन. एक गोळा आठ फासे, सरासरी २८. चार शत्रू सापडले तर ११२, तीन गोळ्यांचे ३३६, त्यातल्या निम्म्यांनी चुकवलं तर अर्धं लागतं, मग २५२ धरा. लढवय्या दोन हातांची मोठी तलवार घेऊन एका फेरीत दोन वार करतो, प्रत्येकी ११, म्हणजे २२. तीन फेऱ्यांची एकच लढाई असेल तर त्याचे सगळे वार लागूनही ६६, कुठं २५२ आणि कुठं ६६. पण तशा सहा लढाया एका दिवसात झाल्या, अठरा फेऱ्या, आणि शंभरातले पासष्ट वार लागले तर २५७ होतात. जादूगाराकडं खालच्या पायरीचे मंत्र उरतातच, त्यामुळं तो थोडा पुढंच राहणार, पण तुलना तरी करता येते. जीएमच्या पुस्तकात दिवसाला सहा ते आठ मध्यम किंवा अवघड लढाया धरल्यात त्या यासाठीच. आपण काय करतो? चहा, भडंग, गप्पा, मग एक मोठी लढाई, नऊ वाजले, घरी. मग जादूगाराने सगळं एकदम फेकलं तर त्याचं काय चुकलं?

म्हणून दादा, तुझ्या नियमातलं "रात्री झोपलं की सगळा दम परत" हे वाक्य मला कॅरेक्टरच्या पॉइंटांपेक्षा जास्त खुपतंय. १२ दम आणि एका संध्याकाळी गोष्टीतला एकच दिवस, मंत्र मोजायची वेळच येत नाही त्याच्यावर.


शहापूरचा_फासेवाला

बुद्धी उणे ४ चा नियम मी लगेच कागदावर करून बघितला. आमच्याच मांत्रिकाचं कॅरेक्टर परत बनवलं तर चार मंत्र बसतात आणि त्याला निवडावं लागतं, हे मस्त झालं. राहीताई, दम एका रात्रीत ३ च परत आला तर चालेल काय? गोष्ट तीन-चार दिवसांची असते आमची, दोन-तीन रविवार चालते.

पण एक अडलंय. चार मंत्रांत पण त्याने उघडमंत्र घेतला तर चोराचं काय? चोरवाल्याने चपळाई आणि कुलपात मिळून २५ पॉइंट घातलेत, हा ८ पॉइंटात तेच काम करणार.


खानापूरचा_भटक्या

भावा, तुझा खरा प्रश्न आत्ता विचारलास. वरचे दोन्ही हिशेब बरोबर आहेत आणि ते कर, पण मांत्रिक किती जोरात आहे याच्यापेक्षा तो कुणाच्या जागेवर उभा आहे हे बघ. लढाईत त्याने चार जास्त पाडले म्हणून कुणी मोबाईल काढत नाही. माझं एकच काम होतं आणि ते दुसऱ्याने केलं, तेव्हा काढतात.

आम्ही असं करतो. कॅरेक्टर बनवायला सगळे एकत्र बसतात, घरून बनवून आणायचं नाही. प्रत्येकाने आपलं एक काम सगळ्यांसमोर बोलून दाखवायचं, माझं कुलूप, माझी कुस्ती, माझी वाट काढणं. जे काम कुणी बोलून घेतलंय ते पूर्ण करणारा मंत्र मांत्रिकाला घेता येत नाही. त्या कामाला हात लावणारा मंत्र घेता येतो. उघडमंत्र असेल तर तो चोरावर टाकायचा, चोराच्या त्या एका फेकीला ३ ची मदत, फासे चोरानेच टाकायचे. चोर नसलेल्या ग्रुपमध्ये तोच मंत्र दार उघडेल, हरकत नाही. निद्रामंत्राचं पण तेच, पहारेकरी पूर्ण झोपायचा नाही, पेंगायला लागेल, मग मल्लाने जाऊन आवाज न करता आडवा करायचा. असं केलं की मांत्रिकाकडे बघून बाकीचे "मला दे, मला दे" करतात, आमच्याकडे तर मांत्रिकाचा दम कुणासाठी खर्चायचा यावर चर्चा चालते.

शॅडोरन म्हणून १९८९ चा गेम आहे, त्याच्या बऱ्याच आवृत्त्यांत कॅरेक्टर बनवताना पाच रकाने असतात, वंश, जादू, गुण, कौशल्यं, पैसाअडका, आणि पाच पायऱ्या, प्रत्येक पायरी एकदाच वापरायची. जादूला वरची पायरी दिलीस की गुणांना आणि पैशाला खालचीच राहते. पॉइंटात माणूस इकडचं तिकडं करून भरून काढतो, पायरी एकदा गेली की गेली. त्यात अजून एक, अंगात यंत्रं बसवून घेतली की जादू कमी होत जाते, म्हणजे योद्ध्याचा मार्ग आणि जादूचा मार्ग एकमेकांना खातात. तुझ्या गेममध्ये मांत्रिकाला बळ १० च्या वर नाही आणि शस्त्राचं एकच कौशल्य, एवढं जरी बांधलंस तरी मल्लाला श्वास घ्यायला जागा मिळते.

आणि पॉइंट सोडून आपल्या मातीतलं घे की. आपल्याकडच्या गोष्टीतला मांत्रिक कधी फुकटात मंत्र टाकतो काय? मंत्र सिद्ध करायला लागतो, अमावास्या बघायला लागते, लिंबू, बिब्बा, हळद-कुंकू लागतं, आणि पथ्य असतं. कॅरेक्टर बनवतानाच प्रत्येक मांत्रिकाने एक पथ्य घ्यायचं, ते मोडलं की पुढचा सूर्योदय होईपर्यंत मंत्र बंद. पण पथ्य असं पाहिजे की ते खेळात आडवं येईल. "मांसाहार नाही" हे पथ्य जंगलात फिरताना कुणालाच आडवं येत नाही, ते फुकटचे पॉइंट झाले. "वाहतं पाणी ओलांडलं की त्या दिवशी मंत्र नाही" हे घे, आणि मग खेळ कणकुंबीला ठेव, जिथं मलप्रभा उगम पावते आणि पावसाळ्यात पावलापावलाला ओढा आडवा येतो. आमच्या मांत्रिकाला हेच पथ्य होतं. एका खेळात पलीकडे पोचायला मल्लाने त्याला खांद्यावर घेतलं, आणि पाय पाण्याला लागला नाही तर ओलांडलं धरायचं का नाही यावर टेबल अर्धा तास भांडलं, शेवटी नाही धरलं, आणि त्या दिवशीचा हिरो मल्ल ठरला.


पुण्यातला_बेळगावकर

भटक्या, पथ्याचं पटलं, खांद्यावरचा प्रकार तर फारच भारी. पण "दुसऱ्याचं काम करणारा मंत्र घ्यायचाच नाही" याला माझा विरोध आहे. मांत्रिक घेणाऱ्याला अशक्य ते करायचंय म्हणूनच तो मांत्रिक घेतो, त्याला कायम दुसऱ्याचा मदतनीस केलं तर तो पण मोबाईलच काढेल. आर्स मॅजिका हा १९८७ चा गेम बघ, त्यात सरळ मान्यच केलंय की जादूगार बाकीच्यांपेक्षा जबरदस्त असणार, बॅलन्स करायच्या भानगडीतच पडत नाहीत. त्याऐवजी प्रत्येकाने एक जादूगार आणि एक सोबती बनवायचा, शिपाईगडी सगळ्यांचे मिळून, आणि गोष्टीगणिक आळीपाळीने जादूगार बाहेर काढायचे. आज तुझा जादूगार, माझा शिपाई, पुढच्या गोष्टीला उलट.


खानापूरचा_भटक्या

ते सुंदर आहे पण त्याला प्रत्येकाची दोन कॅरेक्टर सांभाळणारा ग्रुप पाहिजे. याच्याकडे एक कॅरेक्टरचा कागद घरी विसरणारी पोरं असणार, सगळ्यांकडे असतात. आणि मी "अशक्य" काढून घेत नाहीये. भुताशी बोलणं, मेलेल्याचा शेवटचा क्षण बघणं, वेताळाला शब्दात बांधणं, हे कुणा मल्लाला चोराला जमणार नाही, ते सगळं मांत्रिकाचं एकट्याचं, तिथं त्याला कुणाची मदत नको. कुलूप मात्र चोराचं.


पुण्यातला_बेळगावकर

हां, असं असेल तर मान्य. म्हणजे मांत्रिकाचं पण एक काम बोलून घेतलेलं, तिथं बाकीच्यांनी नाक खुपसायचं नाही.


निपाणीची_राही

मंत्र उलटण्याचं कुणी बोललं नाही म्हणून सांगते. २०१२ चा डन्जन क्रॉल क्लासिक्स म्हणून गेम आहे, त्यात प्रत्येक मंत्राला फासा टाकायला लागतो, वाईट पडला तर मंत्र उलटतो, कधी जादूगाराच्या अंगावर कायमची विकृती येते. धमाल असते, पण तीन फाशांत १७ किंवा १८ पडायची शक्यता २१६ पैकी ४ च, म्हणजे नुसत्या या भीतीवर बॅलन्स टिकत नाही, चव म्हणून ठेव. आणि उलटलेला मंत्र बाजूच्या मल्लाला लागू देऊ नकोस, जोखीम मांत्रिकाने घ्यायची आणि मार दुसऱ्याने खायचा हे लई चिडवणारं आहे.

दम रात्रीला ३ चालेल. पण दम १२ चा ८ कर, नाहीतर पहिल्या रविवारी तो बाराच्या बारा उडवेल आणि पुढचे दोन रविवार रडत बसेल.


शहापूरचा_फासेवाला

सगळ्यांचं वाचून नियम असा लिहिलाय, बघा.

मांत्रिक व्हायला १० पॉइंटच. मंत्र २ ला, बुद्धी उणे ४ वर, पुढं दर वाढीला ३. दम म्हणजे धीर उणे ४, रात्रीला ३ परत, फसला तरी दम गेला. बळ १० च्या वर नाही. कॅरेक्टर माझ्या घरी सगळ्यांनी एकत्र बसून बनवायची, आपलं काम बोलून घ्यायचं, बोलून घेतलेल्या कामावर मंत्र फक्त ३ ची मदत देतो आणि फासे ज्याचं काम तो टाकतो. भुताचं सगळं मांत्रिकाचं. पथ्य एक, जंगलात आडवं येणारं, ते मला पटलं तरच. १७-१८ पडले तर मंत्र मांत्रिकावरच उलटतो.

मांत्रिकवाल्याला फोन करून सांगितलं, वाटलं नाराज होईल, पण तो पथ्यावरच अडकला, अर्धा तास तेच बोलूलाला. त्याने घेतलंय "घुबडाचा आवाज ऐकला की पहाटेपर्यंत मंत्र नाही".


निपाणीची_राही

घुबड कधी ओरडणार ते कोण ठरवणार? तू ठरवलास तर तो म्हणणार मुद्दाम केलंस, आणि कधीच ओरडवलं नाहीस तर पथ्य फुकट. रात्र झाली की एक फासा टाका सगळ्यांसमोर, १ आला की घुबड ओरडलं. आणि फासा चोरवाल्याला टाकायला दे.


शहापूरचा_फासेवाला

लिहून घेतलं ताई. या रविवारी कॅरेक्टर परत बनवायला बसतोय सगळे.